भोपळा, एरंड आणि आपले पवित्र शास्त्र

कारखान्याचा पट्टा पडला आणि ऊसतोडीला गेलेली आपली माणसे तलवाड्याच्या वस्तीवर परतली, त्याच आठवड्यातली गोष्ट. एका मातेने पतीच्या वर्षाची मिस्सा घरी व्हावी म्हणून मला बोलाविले होते. वेदीची मांडणी चालू असतानाच तिचा थोरला मुलगा घरातले जाड, काळ्या बांधणीचे पवित्र शास्त्र घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. सहा महिने कोप्यांवर राहत असताना संध्याकाळच्या एका प्रार्थनासभेत तो जाऊ लागला होता. स्वर चढवून नव्हे, अगदी शांतपणे तो म्हणाला, "फादर, मेलेल्यासाठी प्रार्थना करा, असं या पुस्तकात कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

मी दाखवू शकलो नाही. मक्काबींचा दुसरा ग्रंथ त्या पुस्तकात नव्हताच. आणि मग माझ्या तोंडून जे निघाले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "ते पुस्तक आपले नव्हे. ते बाजूला ठेव." मुलगा गप्प झाला, पण चुलीपाशी बसलेली त्याची आई बोलली, "म्हंजी धन्यानं घेतलेलं माझं पुस्तक खोटं हाय का, फादर?" त्या माउलीला वाचता येत नाही. वीस-बावीस वर्षे रोज रात्री कोणी ना कोणी तिला त्यातूनच वाचून दाखवीत आले आहे.

वाचकहो, ही घटना सांगण्याचे कारण असे की, मी जे वाक्य उच्चारले ते माझ्या एकट्याचे नाही. आपल्या धर्मग्रामांतून ते सर्रास ऐकू येते. 'बायबल सोसायटीचे शास्त्र प्रोटेस्टंटांचे, ते कॅथलिक घरात नको' असे म्हणणारा एक पक्ष आहे. 'नव्या भाषांतरात पावित्र्य नाही, लहानपणापासून ऐकले तेच देवाचे शब्द' असे म्हणणारा दुसरा. दोन्ही पक्ष स्वतःला परंपरेचे रक्षक समजतात आणि माझ्या मते दोघांनाही आपली परंपरा नीट ठाऊक नाही.

प्रथम त्या गाळलेल्या ग्रंथांविषयी. तोबीत, युदिथ, मक्काबींचे दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख हे सात ग्रंथ, तसेच एस्तेर व दानिएल यांतील काही भाग, प्राचीन ग्रीक जुन्या करारात होते आणि आरंभीची ख्रिस्तसभा तेच वाचीत असे. 397 साली कार्थेजच्या धर्मसभेने दिलेल्या यादीत ते आहेत. 1546 साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने त्यांवर अंतिम शिक्कामोर्तब केले. संत जेरोमच्या मनात त्यांच्याविषयी शंका होती, हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु मार्टिन ल्यूथरने तरी ते फेकून दिले का? नाही. 1534 च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ते वेगळ्या विभागात, वाचनास उपयुक्त म्हणून छापलेले आहेत. 1611 च्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलमध्येही ते होते. मग आमच्या वस्तीवरील पुस्तकातून ते गेले कसे? 1804 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीत या ग्रंथांवरून मोठा वाद पेटला आणि 1826 साली संस्थेने ठरविले की, असे ग्रंथ असलेल्या बायबलवर आपला पैसा खर्च होणार नाही. त्या ठरावाची सावली गेवराई तालुक्यातील एका झोपडीपर्यंत पोहोचली आहे. त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते. ते सांगण्यास दहा मिनिटे लागली असती; 'बाजूला ठेव' म्हणायला एक क्षण लागला.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. जुन्या शब्दांचा लळा ही काही तुच्छ लेखण्याजोगी गोष्ट नव्हे. पण त्याचे काय होऊ शकते, ते पाहा. इसवी सन 403 मध्ये संत ऑगस्टीनने जेरोमला एक पत्र लिहिले. आजच्या लिबियातील ट्रिपोली म्हणजे तेव्हाचे ओएआ नगर; तेथील बिशपांनी मंदिरात जेरोमचे नवे लॅटिन भाषांतर वाचावयास घेतले. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी वनस्पती जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल होती. जेरोमने तेथे आयव्ही नावाचा दुसराच वेल घातला. झाले! पिढ्यान्पिढ्या कानांत बसलेला शब्द बदलला म्हणून लोकांनी असा गदारोळ केला की, मंडळी आपल्याला सोडून जाईल या भयाने बिशपांना माघार घ्यावी लागली. गंमत अशी की, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ना भोपळा, ना आयव्ही. अनेक अभ्यासकांच्या मते तो एरंड. आपल्या बांधावर वाढतो तोच. ज्या जेरोमच्या शब्दाविरुद्ध लोक खवळले, त्याचेच भाषांतर पुढे हजार वर्षांहून अधिक काळ परंपरा म्हणून जपले गेले.

आपल्याकडेही निराळे घडलेले नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'भाकर' मागतो. प्रभूच्या देशातील माणसे काही ज्वारीची भाकरी थापत नव्हती. कोणा भाषांतरकाराने धीटपणे आपल्या ताटातला शब्द उचलला आणि आज तो आपल्याला इतका पवित्र वाटतो की, त्याला हात लावू म्हटले तर भांडण होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण तर आपण अभिमानाने देतो. 1579 साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट. 1616 साली राचोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हणायला तो कचरला नाही. त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी स्वभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, असा हुकूम काढला. स्टीफन्सचा अभिमान सांगताना आपण हा हुकूम सोयीस्करपणे विसरतो.

आणि मराठीत शास्त्र आणण्याचे श्रम कोणी केले? विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने केलेला नवा करार 1811 साली श्रीरामपूर येथे (बंगालमधील, नगर जिल्ह्यातील नव्हे) छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळावे म्हणून, केडगावच्या मुक्ती मिशनात संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि 1924 साली ग्रंथ बाहेर पडला. हे आपले नव्हेत म्हणून बाजूला ठेवायचे? 1965 च्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजाने तर ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर ख्रिस्ती बंधूंसमवेत भाषांतरे करण्यास मोकळीक दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' 2010 मध्ये आले, तेव्हा प्रस्तावना आणि टिपांसह शास्त्र वाचण्याची सोय झाली. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा गौरव झाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. 2024 मध्ये ते गेले. त्यांचे बायबल किती घरांत उघडले जाते, हा प्रश्न मात्र मी माझ्याच धर्मग्रामात विचारायला धजत नाही.

सर्व भाषांतरे सारखीच, असे माझे म्हणणे नाही. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला ज्या ग्रीक शब्दाने संबोधतो, त्याचे जेरोमने 'कृपेने पूर्ण' असे केले; इतर भाषांतरांत 'जिच्यावर कृपा झाली ती' असा आशय येतो. हा फरक भोपळ्याएवढा हलका नव्हे. त्यात आपली श्रद्धा गुंतलेली आहे. तेथे मी 'कृपापूर्ण' हाच शब्द धरून बसेन आणि का, तेही सांगेन. पण सांगेन, पुस्तक हिसकावून घेणार नाही. जपमाळेचे शब्द आजीच्या ओठांवर जसे आहेत तसेच राहू द्यावेत. वाचने मात्र, दिवसभर कोयता चालवून आलेल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात समजतील अशा मराठीत व्हावीत. जो उपदेशक स्वतः वाचन न करता केवळ 'आपले' आणि 'त्यांचे' एवढेच शिकवितो, त्याच्यामुळे आपली मुले कोप्यांवरच्या सभेत उत्तरे शोधू लागतात.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या घरी गेलो. आईची क्षमा मागितली. मग मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय वाचला: लढाईत पडलेल्यांसाठी यहूदाने वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठविली, तो. (रक्कम ग्रीक पाठात दोन हजार द्राख्मा, लॅटिनमध्ये बारा हजार, मुलाने यावरही मला पकडले!) त्याचे समाधान झाले नाही. हा ग्रंथ शास्त्रात असावा की नसावा, हाच तर वाद आहे, असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. आम्ही दीड तास बोललो. मिस्सेला तो आईशेजारी बसला, प्रभुभोजनाला आला नाही. सातही ग्रंथांच्या छायाप्रती मी शिवून दिल्या आहेत. आईने त्या जुन्या पुस्तकाशेजारीच ठेवल्या असून नात आता त्यांतूनही वाचते.

येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, प्रत्येक वस्तीवर हा अध्याय वाचून त्यावर प्रश्नोत्तरे घेण्याचा माझा विचार आहे. ज्या घरी जे शास्त्र असेल ते घेऊन यावे. ज्या धर्मबंधूंना हे धोक्याचे वाटते, त्यांनी या अंकाच्या पानांतून मला जरूर विरोध करावा. परंतु त्या मुलाला त्यांनी काय उत्तर दिले असते, तेही सोबत लिहावे.