कुठलं काडतूस भारी? आधी बारूद बघा

लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या गप्पा निघाल्या की अर्ध्या तासात गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. .३०८ विंचेस्टर चांगलं की ६.५ क्रीडमूर? आम्हा प्रोग्रामर लोकांत एडिटरवरून भांडणं होतात ना, अगदी तसंच. मीही तावातावाने भांडलोय. पण गेल्या शनिवारी चहाचा थर्मास घेऊन बसलो, गोळीच्या मार्गाचं गणित करणारा शे-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आणि आकडे बघून माझं मत बदललं. पटलं तर घ्या.

आधी भांडणातला खरा भाग. .३०८ हे १९५२ सालचं काडतूस, लष्करी ७.६२ चं सख्खं भावंड. मॅचची १७५ ग्रेनची (साधारण ११.३ ग्रॅम) गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास वेगाने निघते. ६.५ क्रीडमूर २००७ साली हॉर्नाडी कंपनीने आणलं. त्याची गोळी हलकी, १४० ग्रेन, पण बारीक आणि लांबुडकी, त्यामुळे हवा नीट कापते. वेग ८२५ च्या घरात. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पहिलीला पोचायला १.७ सेकंद लागतात, दुसरीला दीड. १०० यार्डांवर झिरो केलेली रायफल धरली तर पहिली दहाएक मीटर खाली येते, दुसरी सव्वाआठ.

या खाली येण्याला लोक उगाच घाबरतात. गुरुत्वाकर्षण काही दुपारी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं नसतं, दुर्बिणीवर क्लिक मोजून लावले की झालं. खरा वैरी वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ ला सव्वादोन मीटर ढकलतो, ६.५ ला १.६ मीटर. वारा ओळखण्यात तुमची फक्त ३ किलोमीटरची चूक झाली तर .३०८ साधारण ४२ सेंटिमीटर सरकते, ६.५ साधारण ३०. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या १००० यार्डच्या टार्गेटवर बुल साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून काठ ३० वर. एक गोळी बाहेर, दुसरी रेषेवर. शिवाय .३०८ तिथे पोचते तेव्हा ध्वनीच्या वेगाच्या जेमतेम वर असते आणि त्या पट्ट्यात गोळ्या डगमगतात.

तर काय, ६.५ जिंकलं? कागदावर, हो.

पण एक गोष्ट विसरू नका. आपल्या जुन्या .३०३ ची मार्क सातची गोळी १००० यार्डांवर ध्वनीच्या वेगाखाली गेलेली असायची, तरी १९६० च्या दशकापर्यंत लोक बिस्लीला तिच्यावरच बक्षिसं मारत होते. कसं काय?

माझ्या प्रोग्रॅममधली चूक इथेच सापडली. मी धरून चाललो होतो की प्रत्येक गोळी अगदी ठरल्या वेगाने सुटते. तशी ती सुटत नाही. वेगात १० मीटरचा फरक घातला तर .३०८ टार्गेटवर २८ सेंटिमीटर वर-खाली होते, ६.५ सुमारे २१. आता समजा ६.५ ची बारूद गचाळ आहे आणि फरक २० मीटरचा आहे: ४२ सेंटिमीटर. आणि .३०८ ची बारूद उत्तम, फरक ५ मीटर: १४ सेंटिमीटर. कुठे गेलं ते नवं कोरं कॅलिबर?

त्यात आपला विदर्भ. भंडाऱ्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंश, मे महिन्यात दुपारी ४५. साध्या बारुदीचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण अर्धा मीटर वाढतो. ३३ अंशांचे झाले १६ मीटर, .३०८ टार्गेटवर ४५ सेंटिमीटर वर. तापलेली हवा विरळ, ती आणखी वर नेणार. जानेवारीत झिरो केलेली रायफल मे महिन्यात घेऊन बसलात तर दोष कॅलिबरला देऊ नका, बाबांनो. तापमानाने फारशा न बदलणाऱ्या बारुदी जगात मिळतात, पण त्या पैसे मागतात.

आणि बारूद म्हटलं की आमचा जिल्हा आला. धानाचा आणि तलावांचा हा जिल्हा, पण जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६० च्या दशकापासून प्रॉपेलंट आणि स्फोटकं बनवते आहे. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. काडतुसं तयार होतात ती जळगाव जिल्ह्यात वरणगावला आणि १८६९ सालच्या खडकीच्या कारखान्यात. पुंगळीच्या बुडावर केएफ दिसलं तर ती खडकीची.

शेजारचे एक काका फॅक्टरीतून रिटायर झालेत. आतलं काही सांगत नाहीत, विचारूही नये. मी त्यांना माझे आकडे दाखवले तर म्हणाले, "अरे बाबू, दाणा सारखा पाहिजे. मंग बाकीचं पाहू." एवढंच! पण सगळं त्यात आलं. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज, त्यात नायट्रोग्लिसरीन घातलं की डबल बेस. पण ती किती वेगाने जळेल हे दाण्याचा आकार, त्यातलं भोक, वरचा लेप, आतला ओलावा हे सगळे मिळून ठरवतात. एका लॉटची बारूद दुसऱ्यासारखी येत नाही, म्हणून लॉट एकमेकांत मिसळून सारख्या कराव्या लागतात.

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते फक्त ५० मीटरवर, .२२ ने. त्या अंतरावरसुद्धा या दर्जाचे नेमबाज ईली, लापुआ, आरडब्ल्यूएसच्या वेगवेगळ्या लॉट आपल्याच बॅरलमधून झाडून बघतात आणि जमली ती लॉट भरपूर घेऊन ठेवतात. मग ९१४ मीटरवाल्यांनी लॉट न बघता कॅलिबरवर भांडावं?

माझं म्हणणं असं. एकाच राज्यात बारूद, पुंगळी, गोळी सगळं बनतं. सैन्याला चिखलात, बर्फात, लाखांच्या संख्येत हमखास उडणारं काडतूस हवं असतं, ते बरोबरच आहे. मॅचला हवं ते वेगळं: थोडं, पण जुळ्या भावांसारखं. .३०८ आणि .२२ ची छोटीशी मॅच लाइन काढावी आणि प्रत्येक खोक्यावर त्या लॉटचा सरासरी वेग आणि वेगातला फरक छापावा. ६.५ च्या मागे आत्ता धावू नये. तिची बॅरल .३०८ च्या मानाने निम्म्या फैरींत झिजते, आणि बाहेरून बॅरल मागवणं म्हणजे काय हे नेमबाजांना विचारा.

कोणी म्हणेल, .३०३ आणि ७.६२ प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाच्या नशिबी .३१५. मान्य. पण खेळाडूंना नियमात सवलती आहेत, आणि ज्या रायफल असोसिएशनमार्फत हे चालतं ती १९५१ साली ग. वा. मावळंकरांच्या पुढाकाराने सुरू झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष हो, तेच. मागणी करायला दार आहे.

दुसरा आक्षेप मी स्वतःलाच घेतो, आणि तो जड आहे. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला, किमान ८ कामगार गेले. तो विभाग रायफलच्या बारुदीचा नव्हता. तरीही आमच्या शनिवार-रविवारच्या खेळासाठी "अजून बनवा, लवकर बनवा" असं मी म्हणणार नाही. कमी बनवा, सावकाश बनवा, महाग विका. ज्याला १००० यार्डांवर बुल मारायचाय त्याने त्याची किंमत मोजावी. मी मोजेन. काकांना हे सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, चहा मात्र पूर्ण प्याले.

असो. प्रोग्रॅममध्ये एक बदल केलाय. आधी तो कॅलिबर विचारायचा. आता पहिल्यांदा लॉटमधला वेगाचा फरक विचारतो, आणि ती जागा रिकामी सोडली तर पुढे जातच नाही. :)