लष्करी तळाचे सांडपाणी खासगी कंपनीकडे: आरोग्याच्या दृष्टीने नेमके काय बदलते?

काही दिवसांपूर्वी ओपीडीत एक काकू रक्तदाब तपासायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, लेक अमेरिकेत असते, पाचवा महिना चालू आहे तिला. आता ते लष्करी तळाजवळच्या गावात राहायला गेलेत. तिकडच्या तळाची गटारं म्हणे खासगी कंपनीला विकली. पाणी प्यायला चालेल ना तिला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. गटाराचा मालक बदलला की पाणी बदलते का? आधीचा मालक चांगला होता का? आणि पाण्यात काय आहे, हे घरी बसून कसे कळेल? एकेक करून पाहूया.

हा व्यवहार नेमका काय आहे?

अमेरिकेतील मोठा लष्करी तळ म्हणजे एक छोटे शहरच. घरे, शाळा, रुग्णालय, विमानांचे हँगर, वाहने धुण्याच्या जागा, रंगकाम आणि दुरुस्तीच्या कार्यशाळा असे सगळे त्यात असते. या सगळ्यांचे सांडपाणी तळाच्याच वाहिन्यांतून जाते. काही तळांवर स्वतःचे प्रक्रिया केंद्र असते. काही तळांचे सांडपाणी शेजारच्या शहराच्या केंद्राकडे जाते.

यातील बऱ्याच वाहिन्या जुन्या झाल्या होत्या. दरवर्षीच्या लष्करी खर्चात गटारांचा नंबर शेवटी लागायचा, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलली जायची. १९९७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून लष्कराला वीज, पाणी, सांडपाणी अशा यंत्रणा बाहेरच्या संस्थेला विकण्याची परवानगी दिली. घेणारी संस्था खासगी कंपनी असू शकते, नगरपालिका असू शकते किंवा सहकारी संस्थाही. सेवेचा करार एरवी १० वर्षांचा, पण दीर्घ मुदत फायद्याची ठरत असेल तर ५० वर्षांपर्यंतचा.

टेक्सासमधील फोर्ट ब्लिसच्या पाणी आणि सांडपाणी यंत्रणेचा असा ५० वर्षांचा करार २००४ मध्ये झाला. नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅगचा २००८ मध्ये झाला. व्हर्जिनिया, कॅन्सास, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांतील तळांवर हीच पद्धत आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जमीन सहसा सरकारचीच राहते. कंपनीला मिळतात त्या वाहिन्या, पंप, टाक्या आणि त्यांची देखभाल करण्यासाठी तळावर ये-जा करण्याचा हक्क. सरकार कंपनीला सेवेचे पैसे देत राहते. जमिनीत आणि भूजलात आधीच मुरलेल्या जुन्या प्रदूषणाची जबाबदारी मात्र सर्वसाधारणपणे लष्कराकडेच राहते.

सरकारी मालकीत सगळे सुरक्षित होते का?

"खासगी" हा शब्द ऐकला की आपल्याला धास्ती वाटते. ती अगदीच अनाठायी नाही. पण सरकारी मालकीचा इतिहासही पाहायला हवा.

नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेज्यून हा मरीन दलाचा तळ. तिथली पाणीपुरवठा यंत्रणा पूर्णपणे लष्कराची होती. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, बेंझीन अशी रसायने होती. काही तळावरच्या गळक्या टाक्या आणि कचऱ्यातून आली, तर काही तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून. सुमारे १० लाख लोक या पाण्याच्या संपर्कात आले असावेत, असा अंदाज आहे. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, हे आता मान्य झाले आहे. या कुटुंबांना न्यायालयात भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला तो २०२२ मध्ये.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हवाईतील पर्ल हार्बर परिसरात नौदलाच्या रेड हिल साठ्यातील विमानाचे इंधन नौदलाच्याच पिण्याच्या पाण्यात मिसळले. सुमारे ९३ हजार लोकांना हे पाणी जात होते. नळातून इंधनाचा वास येऊ लागला. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ अशा तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात आले.

ही दोन्ही उदाहरणे पिण्याच्या पाण्याची आहेत, सांडपाण्याची नाहीत. पण धडा तोच आहे. मालक सरकार असणे म्हणजे पाणी शुद्ध असणे नव्हे.

मग मालक बदलल्याने काही सुधारते का?

दोन गोष्टी सुधारू शकतात.

पहिली, दुरुस्तीचा पैसा. करारात वाहिन्या बदलण्याचा आणि केंद्र अद्ययावत करण्याचा खर्च धरलेला असतो. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २००५ मध्येच दाखवून दिले होते की या पद्धतीत सरकारचा खर्च बहुधा वाढतो, कारण कंपनी गुंतवलेला पैसा शुल्कातून वसूल करते. करदात्याला हे आवडणार नाही. पण डॉक्टर म्हणून पाहिले, तर गटारावर वेळेवर पैसा खर्च होणे चांगलेच. तडा गेलेल्या वाहिनीत पावसाचे पाणी शिरते, केंद्रावर ताण येतो आणि अर्धवट प्रक्रिया झालेला मैला नदीत जातो. त्यातून अतिसार, नोरोव्हायरस, कावीळ यांचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. १९९२ मध्ये ओहायो राज्य आणि केंद्र सरकारचे ऊर्जा खाते यांच्यातील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, जलप्रदूषण कायद्याच्या जुन्या उल्लंघनांसाठी केंद्र सरकारच्या खात्याला राज्य दंड करू शकत नाही. म्हणजे तळाच्या केंद्राने महिनोन्‌महिने घाण पाणी सोडले, तरी राज्य सुधारणेसाठी न्यायालयात जाऊ शकते, पण झाल्या चुकीचा दंड वसूल करू शकत नाही. खासगी कंपनीला हे कवच नाही. परवान्याची मर्यादा मोडली की तिला दंड होऊ शकतो. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांसाठी हा मोठा फरक आहे.

आणि काय सुटून जाऊ शकते?

इथे खरी काळजी आहे, ती पीएफएएस या रसायनांची. लष्करी तळांवर इंधनाची आग विझवायला वापरलेल्या फेसात ही रसायने अनेक दशके होती. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. शरीरातूनही बाहेर पडायला वर्षे लागतात.

ऑक्टोबर २०१६ मध्ये कोलोराडोतील पीटरसन हवाई तळावर काय झाले, ते पाहा. अग्निशमन सरावाच्या जागेतील टाकीतून पीएफएएस असलेले सुमारे दीड लाख गॅलन, म्हणजे साडेपाच लाख लिटरहून अधिक पाणी गटारात गेले. तिथून ते कोलोराडो स्प्रिंग्ज शहराच्या प्रक्रिया केंद्रात गेले. ही रसायने काढण्याची सोय त्या केंद्रात नव्हती. पुढे ते फाउंटन क्रीक या प्रवाहात मिसळले. टाकी हवाई दलाची, केंद्र शहराचे आणि प्रवाह सगळ्यांचा.

नेहमीचे सांडपाणी केंद्र जिवाणूंच्या मदतीने मैला कुजवते. पीएफएएस त्याला दाद देत नाहीत. उलट काही मूळ रसायनांचे रूपांतर पीएफओए आणि पीएफओएस या अधिक काळजीच्या प्रकारांत होते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांचे प्रमाण कधी कधी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त भरते. उरलेली रसायने गाळात साठतात आणि तो गाळ अनेक ठिकाणी शेतात खत म्हणून टाकला जातो.

म्हणून खरा उपाय केंद्रात नसून उगमापाशी आहे. हँगर आणि कार्यशाळांतून गटारात काय सोडायचे, यावर बंधन हवे. शहराच्या मालकीच्या केंद्रांसाठी असे नियम अमेरिकी कायद्यात आहेत: कारखान्याने सांडपाणी आधी स्वतः साफ करायचे, मगच ते सार्वजनिक गटारात सोडायचे. पण या नियमांची व्याख्याच "सार्वजनिक मालकीचे केंद्र" अशी आहे. तळाचे खासगी मालकीचे केंद्र या व्याख्येत बसत नाही. अशा वेळी केंद्राच्या परवान्यातच वापरकर्त्यांवर, म्हणजे तळावर, अटी घालता येतात. तशी तरतूद नियमांत आहे. मात्र त्या अटी कोणीतरी लिहून घ्याव्या लागतात.

कंपनी म्हणू शकते, "आमच्याकडे आले ते आम्ही शुद्ध केले." लष्कर म्हणू शकते, "आता गटार आमचे नाही." या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून जे वाहून जाते, ते खाली राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. खासगीकरणाचा आरोग्यावरचा परिणाम ठरतो तो इथे. पाणी कोण मोजते, आकडे लोकांना दिसतात का आणि चूक झाली तर भरपाई कोण देते, हे मालकाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

पीएफएएसचा शरीरावर काय परिणाम होतो?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२२ च्या अहवालानुसार चार गोष्टींशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे:

- लसीनंतर तयार होणारी प्रतिपिंडे कमी होणे
- रक्तातील कोलेस्टेरॉल वाढणे
- गर्भाची आणि बाळाची वाढ थोडी कमी होणे
- मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढणे

संबंध आहे म्हणजे प्रत्येकाला आजार होईल असे नाही. धोका किती काळ आणि किती प्रमाणात पाणी प्यायले, यावर अवलंबून असतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस यांची प्रत्येकी मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. हे प्रमाण अतिशय सूक्ष्म आहे.

तळाजवळ राहणाऱ्यांनी काय करावे?

काकूंच्या लेकीला मी जे सांगेन, तेच तुमच्या तिकडच्या नातेवाइकांना सांगा.

१. पिण्याचे पाणी कोण पुरवते, हे आधी शोधा. सांडपाण्याची यंत्रणा विकली म्हणजे नळाचे पाणी बदलले असे नाही. दोन्ही वेगळ्या असू शकतात.

२. पाणीपुरवठादाराला दरवर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. तो मागून घ्या आणि त्यात पीएफएएसची नोंद पाहा. घरची विहीर किंवा बोअर असेल, तर हा नियम लागू नाही; तपासणी स्वतः करून घ्यावी लागते.

३. पाणी उकळून पीएफएएस जात नाहीत. उलट पाणी आटल्याने प्रमाण थोडे वाढते. आरओ किंवा सक्रिय कार्बनचा, यासाठी प्रमाणित असलेला फिल्टर वापरा आणि काडतूस वेळेवर बदला.

४. सांडपाणी सोडण्याचा परवाना ५ वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी मसुद्यावर लोकांना हरकती नोंदवायला किमान ३० दिवस मिळतात. पीएफएएसची नियमित तपासणी आणि तळावरील अटी परवान्यात आहेत का, हे विचारण्याची हीच वेळ. मर्यादा मोडल्याच्या नोंदी पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

५. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस केंद्राच्या खालच्या प्रवाहात पोहू नका. मासे खाण्याबाबत राज्याच्या सूचना पाहा.

६. गरोदर असाल आणि पाण्यात पीएफएएस आढळले असतील, तर प्रसूतितज्ज्ञांना सांगा. रक्ततपासणी करता येते, पण तिच्यावरून पुढे कोणता आजार होईल हे सांगता येत नाही. स्तनपान स्वतःच्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा त्याचे फायदे जास्त असतात.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आपल्याकडे लष्करी गटारे कंपन्यांना विकली जात नाहीत. पण मालकी बदलण्याचा प्रश्न आपल्याही दारात आहे. हिमाचलातील खास योलपासून २०२३ मध्ये कॅन्टोन्मेंटचे नागरी भाग वेगळे करायला सुरुवात झाली. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी सात कॅन्टोन्मेंट आहेत. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार नागरी सुविधांची मालमत्ता राज्याला किंवा महापालिकेला विनामूल्य द्यायची आहे. लष्करी भाग लष्कराकडेच राहील. म्हणजे एकाच उतारावरच्या गटाराचे दोन मालक होतील. तेव्हा वरचे विचारलेले तीन प्रश्न इथेही विचारा: मोजणार कोण, आकडे दिसणार कुठे आणि चूक झाली तर जबाबदार कोण?

थोडक्यात

- मालक बदलल्याने पाणी आपोआप बिघडत नाही आणि आपोआप सुधारतही नाही.
- खासगी मालकाला दंड होऊ शकतो, हा फायदा आहे. पण तळाने गटारात काय सोडले याची जबाबदारी निसटू शकते, हा धोका आहे.
- सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांची चौकशी वेगवेगळी करा.
- घाबरू नका, अहवाल मागा.

काकूंना मी शेवटी एवढेच सांगितले, "लेकीला फोन करून विचारा, तुमच्या नळाचा यंदाचा अहवाल पाहिलास का? नसेल तर आज मागव. तो आला की मला पाठवा, आपण बसून वाचू."

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या तक्रारींसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)