पडद्यावरची हजेरी

सन २०२० च्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बावीस आमदारांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले, तेव्हा त्यांतील बहुतेकांचा मुक्काम भोपाळमध्ये नसून आमच्या या बंगळूरच्या परिसरात होता. सहा जणांचे राजीनामे मंजूर झाले; उरलेल्या सोळांनी समक्ष येऊन खुलासा केल्यावाचून आपण निर्णय देणार नाही, अशी अध्यक्षांची भूमिका होती; राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले असतानाही १६ मार्चला सभागृह साथीच्या रोगाचे कारण देऊन दहा दिवस तहकूब झाले; आणि हे सारे प्रकरण अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९ मार्चच्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांच्या पीठाने एक तोड सुचविली: अध्यक्षांनी या आमदारांशी पडद्यावरून बोलावे, आणि ते स्वखुशीने तेथे आहेत की कोणाच्या ताब्यात आहेत याची शहानिशा करण्यासाठी न्यायालय हवे तर आपला निरीक्षक नेमील. अध्यक्षांना ती मानवली नाही. दुसऱ्याच दिवशी हात वर करून मतदान घ्यावे असा आदेश निघाला, आणि मतदान होण्यापूर्वीच मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला.

त्या तोडीतील निरीक्षकाचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. चित्र आणि आवाज क्षणार्धात शेकडो कोस पोचविण्याची सोय हाताशी असतानाही त्या खोलीत आपला एक माणूस असावा असे न्यायालयाला वाटले, कारण पडद्यावर चेहरा दिसतो, पण त्या चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या मागे, कोण बसले आहे ते दिसत नाही. काही सदस्य सभागृहात आणि काही दूरस्थ, अशी संमिश्र बैठक आपल्या संसदेत व विधिमंडळांत असावी की नसावी, हा प्रश्न साथ ओसरल्यावर मागे पडला असला तरी मिटलेला नाही. आणि त्यावर माझे मत असे आहे की, बोलणे, विचारणे आणि साक्ष देणे दुरून होऊ द्यावे, मत देणे मात्र कदापि होऊ देऊ नये.

आमदार परराज्यात जाऊन राहण्याचा हा प्रकार आम्हां बंगळूरकरांनी आदल्याच वर्षी अनुभवला होता. फक्त दिशा उलटी होती. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातील सत्ताधारी आघाडीचे आमदार राजीनामे देऊन मुंबईत जाऊन राहिले, आणि १० तारखेला मंत्री डी. के. शिवकुमार पवईच्या हॉटेलच्या फाटकाशी भर पावसात कित्येक तास उभे राहिले तरी पोलिसांनी त्यांना आत सोडले नाही. २३ जुलैला विधानसौधात विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा त्या आमदारांची आसने रिकामी होती. त्यांच्या वागण्याचा निवाडा करणे हा येथे माझा हेतू नाही. पण त्या दिवशी दूरस्थ मतदानाची सोय असती, तर पवईची ती बंद खोली सभागृहाचाच एक भाग ठरली असती, आणि तो भागही असा की जेथे अध्यक्षांचा हुकूम चालत नाही, मार्शल पोचू शकत नाही आणि शेजारी बसलेल्या परक्या माणसाला बाहेर घालविण्याची कोणाची प्राज्ञा नाही. सभागृहात मतविभाजन पुकारले की घंटा वाजते, ठरलेला अवधी संपताच दारे बंद होतात, आणि त्यानंतर आत असेल तोच मत देतो. ही बंद दारे मला केवळ जुन्या रिवाजाची खूण वाटत नाहीत. राज्यघटनेच्या १०० व्या आणि १८९ व्या अनुच्छेदांत उपस्थित राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने निर्णय व्हावा असे म्हटले आहे. घटनाकारांना उपस्थितीचा दुसरा प्रकार ठाऊकच नव्हता हे खरे; परंतु सदस्याने आपले मत मित्र आणि विरोधक या दोघांच्याही डोळ्यांदेखत द्यावे, ही त्या शब्दामागची अपेक्षा यंत्रे बदलल्याने शिळी होत नाही.

विधानसौधाच्या प्रेक्षक सज्जात बसून मी एकदा एका नवख्या आमदाराकडे बराच वेळ पाहत होतो. भाषण दुसऱ्याच कोणाचे चालले होते. हा गृहस्थ हातात दुमडलेला अर्ज घेऊन मंत्र्यांच्या बाकाशी किंचित वाकून उभा होता. मंत्र्यांनी कागद उलगडला, दोन प्रश्न विचारले, मागच्या अधिकाऱ्यांच्या दालनाकडे एक चिठ्ठी धाडली, ती परत आली, आणि मग अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी शेरा मारला. कामकाजाच्या नोंदीत यातले काहीही आलेले नसणार. परंतु ज्याला सचिवालयात मंत्र्यांची भेट मिळावयाला आठवडे लागतात, अशा मागच्या बाकावरच्या सदस्याला, मग तो विरोधी पक्षाचा का असेना, सत्तेपर्यंतचे अंतर दहा पावलांवर आणून देणारी जागा सभागृहाखेरीज दुसरी नाही. पडद्यावर ती दहा पावले टाकता येत नाहीत. ब्रिटनच्या कॉमन्स सभेने एप्रिल २०२० मध्ये पन्नासेक सदस्य सभागृहात आणि एकशे वीसपर्यंत पडद्यावर अशी व्यवस्था केली, तेव्हा वक्त्यांची यादी आधीच ठरून येऊ लागली, आणि चालू भाषणात उठून मंत्र्याला अडविण्याचा सदस्यांचा जुना अधिकार त्या व्यवस्थेत लुप्त झाला.

इतके सांगूनही दुसरी बाजू मला हलकी वाटत नाही. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेला सदस्य किंवा नुकतीच बाळंत झालेली सदस्या यांच्या मतदारसंघाने मुके का राहावे, याला उत्तर नाही. कॅनडाच्या कॉमन्स सभेने २०२३ मध्ये ही संमिश्र पद्धती कायम केली, आणि तेथे दूरस्थ मतदानही चालते. परंतु तेथील आमदार-खासदारांना विश्वासमताच्या आदल्या रात्री बसमध्ये घालून परराज्यातल्या हॉटेलांत नेण्याची पद्धत नाही, आणि नियम हे आपल्या रोगाला अनुसरून करावयाचे असतात. यंत्रांच्या भरवशाविषयीही सावध असावे. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या चालू सुनावणीत कोणा समाजकंटकांनी अश्लील चित्रे घुसविली, आणि मूळचे निपाणीचे असलेले तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांना ती सोय काही काळ बंद ठेवावी लागली.

दूरस्थ सदस्याला बोलू द्यावयाचे तर ते मनापासून व्हावे. आमच्या वसाहतीच्या वार्षिक सभेत गेल्या खेपेस निम्मे सभासद दिवाणखान्यात आणि निम्मे पडद्यावर होते. एका चौकटीत ऐंशीच्या घरातल्या एक बाई हात वर करून बसल्या होत्या; मधूनच तो हात थकून खाली येई, मग दुसरा वर जाई. व्यासपीठाचे तोंड खुर्च्यांकडे होते, पडदा बाजूच्या भिंतीवर होता. पाणीपट्टीचा ठराव मंजूर झाला, आणि मग कोणीतरी म्हणाले, आजी काही सांगत होत्या वाटते. त्यांचा आवाज बंद होता आणि तो सुरू कसा करावयाचा हे त्यांना उमगत नव्हते. मी समोरच बसलो होतो. मीही वेळेवर बोललो नाही, याची खंत मला आहे. विधिमंडळात पडदा लावावयाचाच असेल, तर तो अध्यक्षांच्या नजरेसमोर असावा आणि त्यावरील हातांवर नजर ठेवण्यास स्वतंत्र अधिकारी असावा, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

पडद्यावरच्या बैठका आमच्या शहराला अगदीच नव्या नाहीत: बंगळूर महानगरपालिकेचे सुमारे १०,९०० कोटींचे अंदाजपत्रक २० एप्रिल २०२० रोजी अशाच दृक्‌श्राव्य बैठकीत मांडले गेले. 

संसदेत व विधिमंडळांत मात्र, माझ्या मते, दूरस्थ सहभागाचा आरंभ समित्यांपासून व्हावा. साथीच्या काळात संसदेच्या समित्यांना दूरस्थ बैठका नाकारल्या गेल्या, त्याला गोपनीयतेचे कारण दिले गेले. समितीच्या आपसातील विचारविनिमयापुरते ते ग्राह्य मानले तरी बाहेरच्या साक्षीदाराला ते कशासाठी लावावे? बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याच्या एखाद्या मराठी शेतकऱ्याला पीकविम्याविषयी विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष द्यावयाची तर आज त्याला जवळजवळ सातशे किलोमीटरचा प्रवास करावा लागेल, आणि म्हणून तो येतच नाही. समितीचे सदस्य विधानसौधात टेबलाभोवती समक्ष बसलेले असावेत. त्याला मात्र आपल्या तहसील कचेरीतल्या पडद्यासमोर बसून, जवळ एक दुभाषी घेऊन बोलता यावे. आणि त्याने सांगितलेले दप्तरी दाखल होण्यापूर्वी ते त्याला त्याच्याच भाषेत वाचून दाखवावे.