गॅप वाजतोय? पाना खाली ठेवा

सोल्डरचा धूर / जोडारी

पूर्वी घराघरांत एक खोड होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळायची. फ्यूज उडायचा थांबे आणि एके दिवशी वायरिंगच जळे. घरी टेस्ला कॉइल बनवणारे आज नेमके हेच करतात, फक्त पाना घेऊन.

या कॉइलचा जीव असतो निऑन पाटीच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. 15 हजार व्होल्ट, 30 मिलिअँपिअर, आत डांबर ओतलेले. पाट्या एलईडीच्या झाल्यापासून तो शोधावा लागतो भंगारात. माझा पहिला अर्ध्या तासात गेला. धूर नाही, धमाका नाही. ठिणगी एकाएकी बारीक झाली आणि डांबराचा वास सुटला. सेकंडरीच्या दोन भागांपैकी एक आतून फुटला होता.

हा ट्रान्सफॉर्मर भाराने मरत नाही. आतल्या चुंबकी शंटमुळे टोके शॉर्ट झाली तरी करंट 30 मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो. त्याला मारतो तो उलटा मार. मुख्य गॅपमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी मुद्दाम सोडलेल्या फटीत, ठिणगी पडली की कॅपॅसिटर आणि कॉइलची प्रायमरी गुंडाळी यांच्यात वीज सेकंदाला लाखो वेळा हेलकावते. तिचा ट्रान्सफॉर्मरकडे उलटणारा ताण सगळ्या वेढ्यांत सारखा वाटला जात नाही, टोकाचे थोडे वेढेच तो झेलतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर मुख्य गॅप जोडायचा, कॅपॅसिटर नव्हे. मध्ये दोन्ही तारांत हजार ओहमच्या आसपासचे दणकट रेझिस्टर आणि अर्थिंगकडे जाणारे छोटे कॅपॅसिटर, असा फिल्टर हवा.

दुसरा गुन्हेगार रेझोनन्स. आपल्या 50 हर्ट्झवर या ट्रान्सफॉर्मरचा सूर सुमारे 6.4 नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरशी जुळतो आणि व्होल्टेज 15 हजारांच्या कितीतरी वर चढते. कॅपॅसिटर दीडपट, म्हणजे साडेनऊ-दहा नॅनोफॅरडचा घ्यावा.

एवढे करूनही शेवटचा राखणदार लागतोच, तो म्हणजे सेफ्टी गॅप. तीन गोल डोक्यांचे बोल्ट: दोन टोकांना, मधला अर्थिंगला. बाकी सगळे सोडवून एकट्या ट्रान्सफॉर्मरवर ठिणगी जेमतेम पडणार नाही इतके अंतर ठेवायचे. नंतर कॉइल चालवताना तो तडतडला, तर मुख्य गॅप फार रुंद आहे किंवा कॅपॅसिटर चुकला आहे. आपण मात्र ‘मध्येच खोडा घालतो’ म्हणून सेफ्टी गॅपच रुंद करतो. त्या दिवशी कॉइलची ठिणगी लांब पडते, खरे. पण तीच जाड तार.

आणि हे सगळे वाचवते ते ट्रान्सफॉर्मरला, तुम्हाला नव्हे. छातीतून गेलेले 30 मिलिअँपिअर माणूस मारायला पुरतात आणि बंद केलेल्या कॉइलचा कॅपॅसिटरही भरलेला असू शकतो. तेव्हा सेफ्टी गॅप वाजला की आधी प्लग काढा, लांब इन्सुलेटेड मुठीच्या धातूच्या दांड्याने कॅपॅसिटर शॉर्ट करा आणि मग पाना लावा मुख्य गॅपला.