विश्लेषण : ‘मूळव्याधच असेल’ या समजुतीआड वाढणारा आतड्याचा कर्करोग

लोकलच्या डब्यात दाराजवळ, एसटी स्थानकाच्या भिंतीवर, सार्वजनिक शौचालयाच्या दारामागे एक जाहिरात हमखास दिसते. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ आणि खाली मोबाइल नंबर. या जाहिरातीत निदान आधीच झालेले असते, रुग्णाने फक्त नंबर फिरवायचा असतो. शौचातून रक्त पडले म्हणजे मूळव्याध, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की घरात, मेडिकलच्या काउंटरवर आणि कधी कधी दवाखान्यातही त्यावर दुसरा प्रश्न विचारला जात नाही. बहुतेक वेळा ते समीकरण बरोबरही ठरते. पण जेव्हा ते चुकते तेव्हा मलम, चूर्ण आणि सिट्झ बाथ यांत सहा-आठ महिने निघून जातात. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात हे महिने फार महाग पडतात.

हा रोग किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसानंतर याचाच क्रमांक लागतो. भारतात त्या वर्षी सुमारे ७० हजार नवे रुग्ण होते. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे आणि ते मान्य करूनच पुढे बोलायला हवे. अन्ननलिका आणि जठर यांच्या कर्करोगाचे आकडेही आपल्याकडे साधारण याच घरात आहेत. त्यात तंबाखू, मिसरी आणि दारू यांचा हात मोठा आहे.

पचनसंस्थेचे सगळे कर्करोग मात्र सारखे नसतात. गोवा आणि महाराष्ट्रातील वाचकांना मनोहर पर्रीकर आठवत असतील. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजत, नाकात नळी असताना त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये गोव्याचा अर्थसंकल्प मांडला आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. स्वादुपिंड पोटात खोलवर असते, तिथली गाठ उशिरापर्यंत काही कळू देत नाही. ‘पोटाचा कॅन्सर म्हणजे संपलेच’ ही धारणा अशा उदाहरणांतून घट्ट होते. मोठ्या आतड्याला ती लावणे चुकीचे आहे.

आत नेमके घडते काय?

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर आधी एक छोटा मांसल कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काहींमध्ये पेशींच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि साधारण दहा वर्षांच्या काळात त्यांचा कर्करोग होतो. म्हणजे हा रोग होण्याआधीच थांबवण्यासाठी निसर्गाने बऱ्यापैकी मोठी मुदत दिलेली आहे. दुर्बिणीने तपासताना पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी तारेच्या फासाने कापून काढता येतो. शरीरातल्या फार थोड्या कर्करोगांबाबत असे म्हणता येते.

मुदत उलटून गेल्यावरही टप्प्याने फरक पडतो. अमेरिकेतील नोंदींनुसार गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. ती यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचल्यावर सापडली तर ते १५ टक्क्यांच्या आसपास उतरते.

मग लक्षणे सगळ्यांची एकसारखी का नसतात?

कारण आतड्याची रचना. मोठ्या आतड्याची उजवी बाजू रुंद असते आणि तिथे मळ पातळ असतो. गाठ चांगली वाढली तरी वाट अडत नाही, ती फक्त थोडी थोडी पाझरत राहते. ते रक्त मळात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो थकवा, जिना चढताना लागणारी धाप, आणि रक्ततपासणीत घसरलेले हिमोग्लोबिन. डावी बाजू त्या मानाने अरुंद, तिथला मळ घट्ट. त्यामुळे सवय बदलते : कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, मळाची धार बारीक होणे, पोटात कळ. गुदाशयात गाठ असेल तर ताजे रक्त, चिकट आव, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना. ही शेवटची यादी वाचून बहुतेकांना मूळव्याधच आठवेल, गोंधळ तिथेच होतो.

उजव्या बाजूच्या रक्तस्रावाबाबत आपल्याकडे आणखी एक पेच आहे. बाईचे हिमोग्लोबिन नऊ आले तर कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे रक्तस्रावाने रंग बदलला असला तरी तो गोळ्यांच्या खाती जमा होतो. पाळी थांबलेल्या स्त्रीला किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर गोळ्यांबरोबर ‘रक्त जाते कुठे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. पाण्याची टाकी रोज रिकामी होत असेल तर आपण नुसता पंप चालू करत नाही, गळती शोधतो.

हा म्हातारपणाचा रोग नाही का?

पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने पन्नाशीनंतरचा मानला जाई. तिथेही तरुणांमधले प्रमाण वाढू लागल्याने अमेरिकेने २०२१ मध्ये चाळणी तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले. ‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच रोगाने गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या पाहण्यांत रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत येते. यावरून ‘भारतीय तरुणांना जास्त धोका’ असे मथळे देण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. आपली लोकसंख्याच तरुण आहे, आणि लांबच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत वृद्धांपेक्षा तरुण अधिक पोहोचतात. पण पस्तिशीतल्या माणसाला ‘तुझ्या वयात कुठला कॅन्सर?’ म्हणून परत पाठवायला आधार नाही, एवढे त्यातून नक्की निघते.

रक्ताच्या नात्यात कुणाला हा कर्करोग झाला असेल तर हिशोब वेगळा. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला झाला असल्यास साधारणपणे चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून दुर्बिणीने तपासणी सुचवली जाते. वडिलांना ४५ व्या वर्षी झाला असेल तर मुलाने ३५ व्या वर्षी. लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक दोषात त्याहूनही लवकर. यासाठी घरात आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले म्हणजे नेमके कशाने गेले, हे माहीत असावे लागते. बऱ्याच घरांत ते सांगितलेच जात नाही.

तपासण्या कोणत्या?

पहिली तपासणी फुकट आहे आणि सर्वात जास्त टाळली जाते. हातमोजा घालून डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या अनेक गाठी बोटाला लागतात. वेळ लागतो मिनिटभर. पण गर्दीच्या ओपीडीत पडदा नसतो, सोबतीला परिचारिका नसते, रुग्ण संकोचतो, डॉक्टरही संकोचतात आणि केस पेपरवर ‘मूळव्याध’ लिहून मलम दिले जाते. रक्त पडण्याची तक्रार घेऊन गेलात आणि ही तपासणी झाली नाही, तर ती करा असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे सांगा.

दुसरी, मळातले न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी. ती मानवी हिमोग्लोबिनच ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले की पालक याने फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये हे किट टपालाने घरी येते. नमुना काडीवर घ्यायचा, बाटलीत बंद करायचा, परत टाकायचा. मात्र ही चाचणी तक्रार नसलेल्यांच्या चाळणीसाठी आहे. ती सकारात्मक आली म्हणजे कर्करोग नव्हे. मूळव्याध, पॉलिप, आतड्याची सूज, काहीही असू शकते. पुढे दुर्बीण लावावीच लागते. आणि रक्त डोळ्यांनी दिसत असताना ‘फिट नकारात्मक आली’ म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे.

तिसरी कोलोनोस्कोपी. तिची भीती तपासणीपेक्षा आदल्या दिवसाच्या तयारीची जास्त असते : पातळ आहार आणि आतडे धुऊन काढणारे दोन-तीन लिटर औषधी पाणी. तपासणी गुंगी देऊन साधारण अर्ध्या तासात होते. खासगीत तिला काही हजार रुपये लागतात.

सरकार काय करते?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी चाळणी होते. मोठे आतडे त्यात नाही. रुग्णांचे प्रमाण आणि दुर्बीण करू शकणाऱ्या डॉक्टरांची संख्या पाहता, सर्वांना सरसकट किट वाटा ही मागणी आज व्यवहार्य वाटत नाही. सकारात्मक आलेल्या लाखोंना तपासणार कोण? पण ज्यांना रक्त दिसते आहे त्यांना तरी महिनाभरात दुर्बीण मिळावी, ही मागणी अवाजवी नाही. जिल्हा रुग्णालयात ती सोय असणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून थेट तिथे पाठवण्याची चिठ्ठी मिळणे, इतकेच लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन त्यात बसतात. मात्र ही रचना प्रामुख्याने दाखल रुग्णावरील उपचारांसाठी आहे. निदान होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुतेकदा खिशातूनच जातो, आणि उशीरही तिथेच होतो.

पोटावरच्या पिशवीची भीती

गुदाशयाच्या कर्करोगात काहींना पोटावर कृत्रिम मार्ग, म्हणजे स्टोमा करावा लागतो आणि मळ पिशवीत जमा होतो. ‘पिशवी लावतील’ या धास्तीने लोक डॉक्टरकडे जाणे लांबवतात. परिणाम उलटा होतो. पिशवी कायमची लागणार का, हे गाठ किती खाली आहे आणि ती आवळ-स्नायूंत शिरली आहे का यावर ठरते. गाठ लहान असताना आलेल्याचा स्नायू वाचण्याची शक्यता जास्त. अनेकांची पिशवी तात्पुरतीच असते, जोडलेले आतडे भरून आले की काही महिन्यांत मार्ग बंद केला जातो.

कायमची असली तरी अंघोळ, नोकरी, प्रवास, शरीरसंबंध यांतले काहीही त्यामुळे संपत नाही. संपते ते बाहेरचे सहकार्य. पूजेला बसायचे की नाही, स्वयंपाकघरात जायचे की नाही यावर घरातच कुजबुज होते. पिशव्यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला येतो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आणि टाटा रुग्णालयाचा स्टोमा विभाग यांसारख्या ठिकाणी प्रशिक्षण आणि आधीच्या रुग्णांची गाठ पडते. नव्या रुग्णाला डॉक्टरच्या दहा वाक्यांपेक्षा पिशवी लावून कामाला जाणाऱ्या माणसाची भेट जास्त उपयोगी पडते.

घरच्यांनी काय करावे?

व्हॉट्सअॅपवरचे ‘साखर बंद, कॅन्सर उपाशी’ हे आधी पुसून टाका. केमोच्या काळात वजन घटणे हाच मोठा शत्रू असतो. भात-वरण, अंडी, दही, जे पचेल ते थोडे थोडे द्या. या रोगात अनेकदा दिल्या जाणाऱ्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधानंतर काही दिवस थंडाचा स्पर्श झाला की बोटांत झिणझिण्या येतात, गार पाणी घशात टोचते. त्या दिवसांत फ्रिजमधली बाटली काढायला रुग्णाला पाठवू नका, भांडी गार पाण्यात घासायला लावू नका. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. हे अंगावर काढू नका, डॉक्टरांना कळवा, डोस बदलता येतो.

उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचे तिकीट पूर्ण सवलतीत मिळते, सोबत्यालाही मोठी सवलत आहे. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे. मुंबईत राहायची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन हे जुने आधार आहेत. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे चौकशी करा.

सरकारकडे मागायची एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत कायमचा स्टोमा नाही. त्यामुळे पिशवी लावून बारा तासांची पाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला किंवा दिवसभर गाडीवर असणाऱ्या डिलिव्हरी बॉयला त्या आधारावर दाखला मिळत नाही. त्याला हवे असते ते फार नाही : पिशव्यांच्या खर्चाला हातभार, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, आणि सार्वजनिक शौचालयात वाहता नळ, कडी लागणारे दार व सामान अडकवायला एक खुंटी.