भिंगे तितकी तोंडे

बँकेत चोवीस वर्षे काढलेला माणूस सहसा कुणावर चिडत नाही. चिडण्याचे काम खातेदारांचे; आपण फक्त 'तीन नंबरच्या खिडकीवर जा' म्हणायचे. पण गेले चार महिने मी जगातल्या यच्चयावत कॅमेरेवाल्यांवर चिडलेलो आहे, आणि त्यांतले बरेचसे आता हयात नाहीत म्हणून मी त्यांना सोडून देईन, अशी कुणी समजूत करून घेऊ नये.

झाले असे, की आमचे मधले काका गेले आणि त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला. जपानी, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून आत डोकवायचा. वरच्या भिंगातून आपण बघायचे, खालच्यातून फिल्मने. आमच्या घराण्यातल्या पन्नास वर्षांतल्या मुंजी, लग्ने आणि रुसवे त्यानेच टिपलेले. कॅमेरा ठणठणीत, फक्त पिवळा फिल्टर आणि उन्हाची झापड, म्हणजे हूड, कुठल्याशा लग्नात गहाळ झालेले. एरवी मी हूडवाचून जगलो असतो. पण दिवाळीनंतर आमचा वाडा पडायचा होता. त्याचा एक फोटो काकांच्या कॅमेऱ्याने काढायचा, एवढीच इच्छा. वाड्याचे दार पश्चिमेला, आणि बोळ मोकळा मिळतो तो सकाळीच. नंतर स्कूटरी लागतात. म्हणजे सूर्य नेमका वाड्याच्या खांद्यावरून भिंगात. जुन्या भिंगावरचा लेप आजच्या मानाने बेताचा. तिरीप आत शिरली की सगळ्या चित्रावर ताक सांडल्यासारखे होते.

पहिल्या दुकानदाराने विचारले, "साइज?" भिंगाच्या कडेवर ८० मिमी असे स्वच्छ कोरलेले होते. मी म्हटले, "ऐंशी." त्याने शिकरणाच्या वाटीएवढे काहीतरी काढून ठेवले. "साहेब, ऐंशी हे भिंगाचं नाभीय अंतर. तोंडाचं माप वेगळं." रकमेच्या जागी तारीख लिहिणाऱ्या खातेदाराकडे मी ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने भिंग निरखून सांगितले की ह्याला आटेच नाहीत. जर्मन रोलीफ्लेक्सच्या धर्तीवर खाचा आहेत. बल्बासारखे अडकवून फिरवायचे. ह्याला 'बायोनेट एक' म्हणतात. मी म्हटले, "मग द्या बायोनेट एक." तो म्हणाला, "आता कुठं मिळायला!"

'एक' म्हटल्यावर 'दोन' असणारच. तीनही आहे! रोलीफ्लेक्सच्या जुन्या मॉडेलला एक, ३.५ एफला दोन, २.८ एफला तीन. एका घरात तीन भाऊ आणि कुणाची टोपी कुणाला होत नाही. बाहेर तर विचारूच नका. लायकाच्या जुन्या एल्मारला ३६ मिलिमीटरची टोपी वरून दाबून बसवायची. पेंटॅक्सच्या टाकुमारांना बहुधा ४९, निकॉनला ५२. कॅननचे घोडे ५५ वर अडले होते, ते १९७९ च्या नव्या भिंगांत ५२ वर आले. रशियन हेलिओस ४४-२ ला ४९, आणि त्याच्याच पाठच्या ४४-एमला ५२. आता कुणी म्हणेल, ज्या भिंगात उजेड जास्त शिरतो त्याचे तोंड मोठेच असणार. मान्य. मी कॉमर्सचा असलो तरी एवढे भौतिकशास्त्र मला कळते. पण ५२ आणि ५५ ह्यांच्यातल्या तीन मिलिमीटरांत कोणते भौतिकशास्त्र दडले आहे?

बरे, ह्या लोकांना एकमत करता येत नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. काकांच्या कॅमेऱ्याला लागणारी १२० नंबरची फिल्म कोडॅकने १९०१ साली काढली. ती आजही मिळते आणि बिनतक्रार बसते. तिपाईचा पाव इंची स्क्रू तर जवळपास सगळ्या दुनियेचा एक. म्हणजे पोटात एकमत, बुडाशी एकमत, आणि तोंडाशी आले की भाऊबंदकी! कारण उघड आहे. फिल्म सगळ्यांत बसली तरच कॅमेरे खपतात. हूड मात्र दुसऱ्याचे बसले, तर आपले कोण घेणार? आमच्याकडे बघा. रिझर्व्ह बँकेने २०१० साली चेकचा नमुना ठरवून दिला. एकमेकींचे खातेदार पळवणाऱ्या बँकासुद्धा मुकाट्याने एका मापाचा चेक छापू लागल्या. जे बँकांना जमते ते भिंगवाल्यांना जमू नये?

'सिरीज' नावाची एक शहाणी पद्धत १९३० च्या दशकात निघालीही होती. काच बिनआट्यांची, सगळ्यांना चालणारी; भिंगागणिक फक्त कडे बदलायचे. शहाणी असल्यामुळे ती मागे पडली.

शेवटी एका माणसाने मला 'बायोनेट एक'वरून ५२ वर नेणारे कडे दिले. त्यावर ५२ चे हूड चढवले आणि विजयी मुद्रेने कॅमेऱ्यात डोकावलो, तर खाली काळी चंद्रकोर! दोन्ही भिंगे इतकी शेजारी, की खालच्याचे हूड वरच्याच्या डोळ्यात जात होते. ही म्हणाली, "अहो, काचेपुढे छत्री धरायला एवढं कडं कशाला हवं? हात नाही का तुम्हाला?" मी म्हटले, "दोन्ही हात कॅमेऱ्याला लागतात." त्यावर ती म्हणाली, "मग माझा आहे की!"

वाडा पडायच्या आदल्या रविवारी ती सकाळी सातला माझ्याबरोबर बोळात आली, आणि खालच्या भिंगाच्या बाजूला तळहात धरून, दूधवाल्याकडे न बघता, उभी राहिली. मी वरून डोकावून बघितले. वाडा स्वच्छ दिसत होता. हात कुठेही नव्हता. वरच्या भिंगाला जे दिसते तेच खालच्याला दिसते असे नाही, हे मला फोटो धुऊन आल्यावर कळले. दरवाजा, वरचा सज्जा, आजीची तुळस, सगळे लख्ख आले आहे. ताक कुठेही सांडलेले नाही. आणि डाव्या कडेला हिची चार बोटे नि दोन बांगड्या.

फोटो मी मोठा करून लावला आहे. काही पाहुणे विचारतात, कडेचं ते कापून का नाही टाकलं?