सुख आणि कामावर जाण्याची वाट

मनुष्य कशाने सुखी होतो, हा प्रश्न आपण परंपरेने तत्त्वज्ञांवर सोपविला होता. मानसशास्त्रानेही आता तो हाती घेतला असून त्याचे निष्कर्ष बंगळूरसारख्या नगरीतील रहिवाशांनी अवश्य ध्यानात घ्यावेत असे आहेत.

२००४ साली डॅनिएल कानेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस क्रमाने आठवावयास सांगितले व प्रत्येक प्रसंगीची मनःस्थिती विचारली. आप्तमित्रांच्या सहवासातील वेळ फार सुखाचा ठरला. कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास अगदी तळाशी राहिला. पुढे २००८ साली ब्रुनो फ्राय व आलोइस श्टुट्सर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील माहितीवरून दाखविले की, ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांचे जीवनाविषयीचे समाधान कमी असते. वाढीव वेतनाने किंवा स्वस्त घराने ही उणीव भरून निघावयास हवी. पण ती पुरती निघत नाही.

याचे एक कारण असे की, मन स्थिर गोष्टींना लवकर सरावते. प्रशस्त दिवाणखान्याची नवलाई ओसरते. वाहतुकीची कोंडी मात्र आज अर्ध्या तासाची, तर उद्या दीड तासाची; अनिश्चिताची सवय होणे कठीण. तरीही घर घेताना आपण खोल्या मोजतो, तास मोजीत नाही.

ते मोजून पाहावेत. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर कामाच्या २५० दिवसांत ७५० तास होतात. म्हणजे अहोरात्र धरून पूर्ण ३१ दिवस! मुलांशी बोलणे, शेजार, झोप यांच्या वाट्यातूनच हा महिना वजा होतो.

यावर कोणी म्हणेल की, पैशावाचून सुख कसले? आक्षेप रास्त आहे. उत्पन्नाबरोबर बहुतेकांचे सुख वाढते, असे २०२३ साली खुद्द कानेमान यांनीही सहलेखकांसह मान्य केले. शिवाय अल्प वेतनाच्या कामगाराला घर निवडण्याची मुभा कोठे असते? म्हणूनच हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या शहाणपणाचा नाही. तो नगररचनेचाही आहे.

बंगळूरची मेट्रो २०११ साली सुरू झाली. २०२३ मध्ये ती व्हाइटफील्डला आणि २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीला पोहोचली. ही उद्योगकेंद्रे त्यापूर्वीच भरभराटीला आली होती. कचेऱ्या आधी व वाहने मागाहून, हा क्रम आता उलटला पाहिजे. कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी घरे आणि वेळेवर येणाऱ्या भरपूर बसगाड्या यांना आपण सोयी म्हणतो. वास्तविक ती लोकांच्या सुखाची साधने होत. नगरीच्या प्रगतीचा हिशेब मांडताना नागरिकांना परत मिळालेले तासही त्यात धरले जावेत.